आजीला मराठी येत नाही

सुकापूर, नवीन पनवेल
१९ जुलै २००९

ती. बाबांना,

तुम्ही शिकवलेला मायना पूर्ण लिहायला घेतला तर पहिलं पान त्यातच जाईल. म्हणून इथूनच वाकून नमस्कार करते आणि थेट तक्रारींवर येते.

पहिली तक्रार तुमच्याबद्दलच आहे. तुम्ही अख्ख्या वाक्वा गावात सांगत फिरलात, "आमची यशना मुंबईला शिकायला चालली." हे मुंबई नाही बाबा, हे पनवेल आहे. विमानतळावरून टॅक्सीनं निघाले. बराच वेळ झाला, खाडीवरचा लांबलचक पूल मागे गेला, तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, "मुंबई केव्हा येणार?" तो म्हणाला, "मॅडम, मुंबई तो पीछे रह गया." शिष्यवृत्तीच्या कागदावर कॉलेजपुढे मुंबई लिहिलं होतं ते विद्यापीठाचं नाव होतं. तुम्हीही ते नीट वाचलं नाहीत.

आणि भाषेचं काय सांगू! वीस वर्षं तुम्ही मला मराठी शिकवलीत. जेवताना मराठी सोडून क्रेओल बोलले तर ताट बाजूला सरकवायचात. ती मराठी घेऊन मी इथे आले, तर माझ्याशी मराठीत बोलायला कुणी तयार नाही. मी मराठीत विचारते, दुकानदार हिंदीत उत्तर देतो. मी पुन्हा मराठीत विचारते, तो आणखी सावकाश, आणखी मोठ्यानं हिंदीत सांगतो. हिंदी मला सिनेमापुरती येते. परवा रिक्षावाल्याला म्हटलं, "कृपया मला सुकापूरला सोडाल का?" तो मागे वळून बघतच राहिला. मग म्हणाला, "काय ताई, स्टेशनवर अनाउन्समेंट करता का?" आणि वाटभर स्वतःशी हसत होता.

मॉरिशस म्हटलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू येतं. हनिमून! कॉलेजातल्या क्लार्कपासून सिमकार्डवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या कुठल्या तरी चुलत भावाचा हनिमून आपल्याकडे झालेला आहे. सिमकार्डवाल्यानं मला मनापासून विचारलं, "पण तिकडं माणसं राहतात पण का?" मी म्हटलं, राहतात, आणि त्यांना दात घासावे लागतात आणि बसची वाट बघावी लागते. त्याला ते पटलं असं वाटलं नाही.

आडनावाचं तर विचारूच नका. धोंडू हे आडनाव असूच शकत नाही असं इथे सर्वांचं ठाम मत आहे. "धोंडू हे वडिलांचं नाव झालं, आडनाव सांग." मी सांगते की हे पणजोबांच्या वडिलांचं नाव, बोटीतून उतरल्यावर गोऱ्या साहेबानं तेच आडनाव म्हणून लिहिलं. "बरं, पण खरं आडनाव?" फार्मसीच्या वर्गात शिकवणं इंग्रजीत चालतं, विनोद हिंदीत होतात, आणि मराठी फक्त कुणाला ओरडायचं असेल तेव्हा बाहेर येते. कपडे वाळत नाहीत. संध्याकाळी वारा तळोज्याकडून आला की कारखान्यांचा असा काही वास येतो की डोळे चुरचुरतात. तक्रार केली तर म्हणतात, सवय होईल. रोज दुपारी वीज जाते, तिचीही सवय होईल म्हणतात.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते, मी होस्टेलवर नाही. तिथली जागा अजून तयार नव्हती, म्हणून कॉलेजनंच एका घरी सोय केली. कमळाकरकाकांचं घर. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता त्यांचीच चार मजली इमारत आहे, आणि तळमजल्यावर ते राहतात. भावनाकाकू फार चांगल्या आहेत. त्यांची प्रांजल सातवीत आहे, ती मला सगळ्या मैत्रिणींना दाखवून आणते. आणि काकांची आई, गंगाआजी. दिवसभर बोलत असतात. आंघोळीला गेले तरी दाराबाहेरून बोलत असतात. तुझी आई काय रांधते, तुमच्याकडे बोंबील मिळतो का, तू एवढी बारीक का, केस कापले कुणी.

त्यांची मराठी मात्र तुम्हाला आवडणार नाही. हाय, नाय, आमी, तुमी. पहिल्या दिवशी मी दारात बॅग घेऊन उभी होते, तर आतूनच ओरडल्या, "ये गो, इकरं ये, उबी काय ऱ्हायलीस!" मी जागच्या जागी थांबले. तुम्हाला आठवत नसेल, पण मी लहान असताना आजी मला असंच बोलवायची. "ये गो." मला वाटायचं ती इंग्रजीतलं 'गो' म्हणते, म्हणजे ये आणि जा एकदमच. मी तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, आजी काहीतरी मिसळून बोलते, तिला मराठी येत नाही.

असो. आजी कशी आहे? तिला माझा नमस्कार सांगा. क्रेओलमध्ये सांगितलात तरी चालेल.

रागावलेली, पण जेवूनखाऊन सुखी असलेली,
यशना


सुकापूर
३० ऑगस्ट २००९

ती. बाबांना नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं. माझ्या पत्रातल्या सगळ्या चुका दाखवल्याबद्दल आभार. ऱ्हस्व-दीर्घ मी यापुढे सांभाळीन. पण 'राहतात पण का' हे मी सिमकार्डवाल्याचं बोलणं लिहिलं होतं, ते तुम्ही दुरुस्त करून काय उपयोग? तो तर तसंच बोलणार.

आता गणपतीचं. तुम्ही लिहिलंत, खऱ्या महाराष्ट्रातला गणपती बघतेस, भाग्यवान आहेस. बघितला. पहिल्या दिवशी सगळं घर इतकं दमलं होतं की आरतीला प्रत्येकजण वेगळ्या ओळीवर होता. मला सगळ्या आरत्या पाठ होत्या, त्याबद्दल माझं कौतुक झालं, ते तुमच्यामुळे. मग मला मोदक वळायला बसवलं आणि माझे मोदक बघून ते कौतुक मागे घेण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते तुम्हाला इथून कुणाकडून तरी कळेलच. त्यापेक्षा मीच सांगते.

कमळाकरकाकांना हल्ली मोठी मोठी माणसं ओळखतात. त्या दिवशी दर्शनाला एक बिल्डर आले होते, त्यांच्याबरोबर एक निवृत्त अधिकारी आणि त्यांच्या बायका. सगळे सोफ्यावर बसले. मी आणि काकू फराळाच्या बशा आणत होतो. गंगाआजी पाहुण्यांसमोर खाली पाटावर बसल्या होत्या आणि नेहमीसारख्या बोलत होत्या. सांगत होत्या, "तुमी बसलाव ना, तिथं आमचा बांद होता. पावसात मी हितंच चिंबोऱ्या धरल्यान. एकदा एका चिंबोरीनं असा आंगठा धरला, सोरंच ना!"

मला ती खेकड्याची गोष्ट फार आवडायची. मी तीन वेळा ऐकली होती. पण त्या अधिकाऱ्यांच्या बाई हसायला लागल्या. गोष्टीला नाही, बोलण्याला. "किती गोड बोलतात! आजी, परत म्हणा ना, सोरंच ना!" आणि त्यांनी मोबाइल काढून समोर धरला. बाकीचेही हसले. गंगाआजींना वाटलं गोष्ट रंगली, त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.

काकांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "आई, तू आत जा बघू. तुला बोलायचं कळत नाही."

बाबा, त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि जाताना पाहुण्यांकडे बघून हसल्या. ते हसणं मला बघवलं नाही. माझ्या हातात बशी होती. मी म्हणाले, "काका, त्यांना बोलायचं कळतं. तुम्हाला ऐकायचं कळत नाही."

अगदी तुमच्या मराठीत म्हणाले, स्वच्छ, एकही शब्द न मिसळता. आणि त्यानंतर जे आठवलं ते सगळं क्रेओलमध्ये बोलले. ते कुणाला कळलं नाही, पण आवाज कळला. भावनाकाकूंनी माझ्या हातातली बशी काढून घेतली. पाहुणे चहा न घेताच गेले.

गौरी-गणपती गेल्यावर काकांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाले, "पोरी, तू पाहुणी आहेस, म्हणून मी काही बोलत नाही. होस्टेलला जागा झाली का ते विचारून घे." मी विचारून घेतलं. जागा झाली आहे. येत्या आठवड्यात जाईन.

गंगाआजी त्या दिवसापासून बोलत नाहीत. कुणाशीच नाही. ताट वाढलं की जेवतात, हात धुतात, आणि मागच्या दारात जाऊन बसतात. मला वाटलं होतं माझ्याशी तरी बोलतील. मी जवळ जाऊन बसले तर तोंड फिरवून घेतलं. एवढं सगळं मी कुणासाठी केलं?

मला एवढा राग का आला ते विचारू नका. गणपतीत माणसं दमलेली असतात. झोप झालेली नव्हती, आणि वीजही गेली होती.

आईला सांगा, लोणचं संपलं. आजी कशी आहे ते तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंच नाहीत.

यशना


पनवेल, मुलींचं होस्टेल
११ ऑक्टोबर २००९

बाबा,

तुमचं पत्र आलं. दोन पानं भरून तुम्ही लिहिलंत की मी काकांची माफी मागावी, परक्या देशात परक्या घरात असं वागायचं नसतं, आपल्या मराठी मंडळाचं नाव, आपल्या समाजाचं नाव. सगळं बरोबर. माफी मी मागितली आहे. काकांनी ती घेतलीही. पण शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीत. "तुला एवढं लागायचं कारण काय?"

तुम्हाला खरंच माहीत नाही? की मी सांगावं अशी तुमची इच्छा आहे? दोन्हीपैकी कुठलंही असलं तरी मला वैताग येतो. म्हणून सांगूनच टाकते.

मी नऊ वर्षांची होते. आपल्या मंडळाच्या गणपतीला पुण्याहून पाहुणे आले होते. तुम्ही आठवडाभर भाषण पाठ करत होतात. आजी नवीन लुगडं नेसली होती. कास्कावेलच्या तिच्या माहेरची माणसं सोडली तर मराठी बोलणारी बाहेरची माणसं तिनं कधी पाहिलीच नव्हती, आणि ही तर थेट तिकडून आलेली, जिथून तिचा आजा आला होता. तिला इतका आनंद झाला होता की ती त्यांचा हात सोडेना. काय खाल्लंत, बोट लागली का, तिकडं अजून भात लावतात का. त्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसले. वाईट हसले नाहीत. पण हसले. आणि तुम्ही घाईघाईनं पुढे झालात आणि म्हणालात, "माफ करा हं, आईला मराठी येत नाही. ती क्रेओलच बोलते."

माझा हात आजीच्या हातात होता, बाबा. मी तिच्याकडे बघितलं. तीही पाहुण्यांकडे बघून हसली.

त्यानंतर ती कधी मराठीत बोलली नाही. माझ्याशीही नाही. आणि घरात तेच खरं होऊन बसलं, आजीला मराठी येत नाही. आई म्हणायला लागली, शेजारी म्हणायला लागले, शाळेत तुमच्याच वर्गात निबंध लिहिला तेव्हा मीही तसंच लिहिलं आणि तुम्ही त्याला पहिला नंबर दिलात. कमळाकरकाका त्या दिवशी बोलले तेव्हा समोर काका होते, पण मी ओरडत होते ती तुमच्यावर. बिचाऱ्या काकांना ते काय माहीत!

आता पुढचं ऐका.

मी होस्टेलला आले. खोलीत आम्ही चौघी, पंखा एक, तो माझ्या पलंगावर येत नाही. मागच्या मंगळवारी दुपारी वॉचमन वर निरोप घेऊन आला, खाली कुणीतरी म्हातारी भांडते आहे. मी धावत गेले. गेटवर गंगाआजी होत्या. सुकापूरहून रिक्षानं एकट्या आल्या होत्या, हातात सुकटीची पिशवी, आणि वॉचमनला सांगत होत्या की पोरीला भेटायला चिठ्ठी कसली मागतोस.

मला बघितल्यावर वॉचमनला सोडलं आणि मला धरलं. मला वाटलं आता जवळ घेतील. कसलं! "तुना कोनी सांगितला मदी बोलायला? चार मानसांत माज्या पोराचा तोंड उतरवलास! तो माजा पोर हाय. मना बोलंल नायतं मारंल. तू कोन गो?"

भर रस्त्यात. रिक्षा थांबल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, मी तुमच्या बाजूनं बोलले होते!" त्या म्हणाल्या, "माजी बाजू मी तुना दिलती का?" इतके दिवस त्या गप्प होत्या, त्या काकांवर रागावल्या म्हणून नाही, माझ्यावर रागावल्या म्हणून. मग मला रडू आलं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. पिशवी माझ्या हातात कोंबली, समोरच्या फोनच्या दुकानात बाकावर बसवलं, पाणी मागवलं आणि म्हणाल्या, "आता बोल. काय झाला तुना?"

मी सगळं सांगितलं. आजीचं, तुमचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती म्हातारी जिती हाय ना? मंग लाव फोन."

तुम्ही शाळेत होतात. आईनं उचलला. मी तिला म्हटलं, आजीला दे, आणि आजीचं नाव सांगून रिसीव्हर गंगाआजींच्या हातात दिला. त्यांना वाटलं समुद्रापलीकडे बोलायचं म्हणजे तेवढं ओरडावं लागतं. पूर्ण जोर लावून ओरडल्या, "ओ सखूबाय! जेवलीस का गो?"

मी रिसीव्हरला कान लावून उभी होते. मला वाटलं आजी क्रेओलमध्ये विचारेल कोण आहे, किंवा फोन ठेवून देईल. इतका वेळ गेला की दुकानदार घड्याळाकडे बघायला लागला. आणि मग आजीचा आवाज आला, बारीक, लांबचा. "नाय. आजून नाय. भात टाकलाय."

बाबा, तिच्या तोंडचे हे शब्द.

त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. गंगाआजी विचारत होत्या तिकडं मासली कनची मिळते, आजी सांगत होती सगली बरफातली, चव नाय. गुडघे दोघींचे दुखतात. सुना दोघींच्या चांगल्या आहेत, पण कालवणात मीठ कमी घालतात. आपल्या आजीची माणसं मूळची पनवेलकडची की रत्नागिरीकडची, बोट कुठून निघाली होती, मला माहीत नाही आणि त्या दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. काही शब्द एकीचे दुसरीला कळत नव्हते, तेव्हा दोघी हसत होत्या. आजी मोठ्यानं हसली. काहीतरी पडलं की काय म्हणून आई धावत आलेली मला ऐकू आली.

शेवटी मी रिसीव्हर घेतला. मी विचारलं, "आजी, इतकी वर्षं गप्प का राहिलीस? बाबांवर रागावली होतीस?"

ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. यातलं काही दुरुस्त करू नका.

"रागावू क्याला? तो चार मानसांत बोलला, आईला मराठी येत नाय. मंग मी बोलले असते तं माजा पोर खोटा परला असता. मास्तर खोटा बोलतो, असा झाला असता ना?"

दहा-अकरा वर्षं, बाबा. तुमचं एक वाक्य खरं राहावं म्हणून. मी तुमच्यावर चिडून पत्र लिहायला बसले होते. आजीवरही चिडले आहे. गंगाआजी त्या दिवसापासून रोज होस्टेलला येतात, त्यांच्यावर तर रोजच चिडते. या बायकांना कुणी सांगितलं होतं एवढं सांभाळायला?

या पाकिटात आणखी एक कागद आहे. तो आजीसाठी. तिला वाचता येत नाही, आणि आईला देवनागरी येत नाही, तेव्हा तो तुम्हालाच वाचून दाखवावा लागेल. गंगाआजींनी शेजारी बसून लिहून घेतला आहे. माझे बरेच शब्द त्यांनी चुकीचे म्हणून खोडले. मोठ्यानं वाचा, आणि जसा लिहिला आहे तसाच वाचा.

यशना


आजे,

मी यशना. हा कागद तुजा पोर आनंदा वाचतोय. त्याला सावकाश वाचू दे, त्याला ही भाषा बोलायची सवय ऱ्हायली नाय. चुकला तं हसू नको.

मी बरी हाय. जेवते. गंगाबाय मना सुकट आनून देते आनी रोज बोल लावते. ती बोलते, सखूबायला सांग, गुरग्याला तेल लाव आनी थंर पान्यात उबी ऱ्हाऊ नको.

आजे, तू मना नीजवताना जी गोष्ट सांगायचीस, ती मना आर्दीच याद हाय. तुजा पोर आता तुज्या म्होरं बसलाय. त्याला सगली सांग. तो लिवून घेल आनी मना टपालानं धारंल. त्याचा आक्षर चांगला हाय.

आता तू बोललीस तं तो खोटा नाय परनार. तो हे सगला तुज्याच भाषेत वाचून बसलाय ना. म्हंजे तुना मराठी येते, आनी त्यालाबी येते.

तुजी नात, आनी वाचनाऱ्याची पोरगी,
यशना